लाल दोऱ्याची बाटली

१

महालिंगप्पा अडत्याला ओकाऱ्या आणि जुलाब सुरू झाले तेव्हा उमरग्यात सगळ्यांना वाटलं, पटकी आली. शेजारपाजारच्यांनी रांजण उपसून टाकले, पोरांना घरात कोंडलं. दुसऱ्या दिवशी महालिंगप्पा गेला. पटकी मात्र दुसऱ्या कुणालाच झाली नाही. त्याच घरातलं, त्याच रांजणाचं पाणी प्यालेलं एकही माणूस आजारी पडलं नाही. मग त्याच्या धाकट्या भावाला, वीरभद्राला, पूजेच्या पाटाजवळ बोटाएवढी एक बाटली सापडली. बाटलीच्या गळ्याला लाल दोरा बांधलेला होता.

लाल दोरा म्हणजे बब्रुवानचं औषधाचं दुकान, हे उमरग्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. जे औषध जास्त झालं तर जिवावर बेततं, त्याच्या बाटलीला तो लाल दोरा बांधायचा. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावं म्हणून. बाटली बघताच बाजार खवळला. दुकानाच्या फळ्या फोडल्या, बरण्या रस्त्यावर आपटल्या, आणि बब्रुवानला ओढून बाहेर काढलं. तेवढ्यात अमीनसाहेब, म्हणजे निजामाचे फौजदार, शिपाई घेऊन आले आणि त्यांनी त्याला ठाण्यात नेऊन कोंडलं. कोंडला म्हणून तो जिवंत राहिला.

मी धाराशिवचा वकील. या भानगडीत पडलो तो त्याच्या आईमुळं. कस्तुराबाई ईट गावाहून आली आणि माझ्या ओट्यावर जी बसली ती मी हो म्हणेपर्यंत उठली नाही. मला स्वतःला बब्रुवानबद्दल काडीचं प्रेम नव्हतं. एकदा उमरग्यात डोकं ठणकत होतं म्हणून त्याच्याकडं पुडी मागितली, तर या गृहस्थानं भर बाजारात माझी उलटतपासणी घेतली. पोट साफ होतं का, पुडी रोज घेता का, चष्मा कधी बदलला. शेवटी एकच पुडी दिली आणि पुन्हा मागायला येऊ नका, आधी डोळे तपासा, असं वर सुनावलं. उलटतपासणी घेणं हा माझा धंदा. माझी कुणी घेतलेली मला खपत नाही.

पण खुनाचा आरोप होता आणि माणसाची मान अडकली होती. लढाईचे दिवस, पेट्रोल मिळत नव्हतं. कोळशावर चालणाऱ्या मोटारीत धूर खात मी उमरग्याला उतरलो. स्टँडवरच्या हॉटेलवाल्यानं मी कोण हे ऐकलं आणि माझ्यापुढचा चहाचा कप उचलून आत नेला.

२

ठाण्यात बब्रुवान भिंतीला टेकून बसला होता. कपाळावर खोक पडली होती. ती त्यानं स्वतःच बांधली होती, आणि व्यवस्थित बांधली होती. मी नाव सांगितलं तर म्हणाला, "डोळे तपासले का?"

तिथंच उठून परत जावं असं मला वाटलं. पण कस्तुराबाईचा चेहरा आठवला आणि बसलो.

महालिंगप्पाशी त्याचं भांडण झालं होतं, हे त्यानं लपवलं नाही. महालिंगप्पाचा गुडघा दुखायचा. सुरंजानचा अर्क सांध्याला गुण देतो हे कुणाकडून तरी कळल्यावर तो दुकानात आला. बब्रुवाननं त्याच्या पायांवरची सूज बघितली आणि गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात मोठ्यानं विचारलं, लघवी साफ होते का. सगळा बाजार हसला. महालिंगप्पा लाल झाला. हे औषध तुम्हाला सोसणार नाही, सोलापूरच्या डॉक्टरला दाखवा, असं सांगून बब्रुवाननं त्याला वाटेला लावलं. तेव्हापासून अडत्यानं त्याचं तोंड पाहिलं नव्हतं.

"त्याला म्या थेंब दिला न्हाय," बब्रुवान म्हणाला.

"मग बाटली तुझी कशी?"

"माझीच हाय. दुसऱ्या माणसाला दिली व्हती."

"कुणाला?"

"ते सांगनार न्हाय."

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण तो चेष्टा करणाऱ्यांतला नव्हता. मी समजावलं, मग दरडावलं, शेवटी फाशीचं नाव काढलं. तो बधला नाही. त्याचं म्हणणं एवढंच, की त्याच्या मागच्या दारानं बायका येतात, जे नवऱ्याला सांगता येत नाही ते त्याला सांगतात. एकदा का त्यानं एक नाव घेतलं की दुसरी कुणी येणार नाही, आणि मग सिद्रामप्पाच्या दुकानातल्या पुड्या गिळून मरतील. ज्याला बाटली दिली त्याचा सांधा डोळ्यांनी बघितला, सगळं विचारलं, रोज एक खाच घ्यायची हे तीनदा घोकून घेतलं, याहून जास्त तो एक अक्षर बोलला नाही.

खाच म्हणजे काय ते सांगायला हवं. बाटलीवर कागदाची एक पट्टी चिकटवतात आणि तिला कडेनं खाचा पाडतात. एका खाचेपासून दुसरीपर्यंत एका वेळचं औषध. पट्टी लावल्याशिवाय आपली बाटली दुकानाबाहेर जात नाही, असं तो छातीवर हात ठेवून म्हणाला.

मी अमीनसाहेबांच्या टेबलावरची बाटली उचलली. पट्टी नव्हती.

अमीनसाहेब हैदराबादकडचे. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना हे प्रकरण लवकर मिटवायचं होतं. बाटली उजेडात धरून ते म्हणाले, "वकीलसाब, अंदर से देखो. धुली हुई है. जिसने धोई, उसीने मारा." त्यांच्या मते बब्रुवाननं जहर दिलं आणि घरातल्या कुणीतरी ते पाजून बाटली स्वच्छ केली. घरातलं कुणीतरी म्हणजे कोण, तेही त्यांनी ठरवून टाकलं होतं. वीरभद्र.

मी बाटलीवरून बोट फिरवलं. आतून ती लख्ख होती. बाहेरून एका बाजूला मात्र बोटाला चिकट लागलं.

३

आधी सिद्रामप्पाला गाठलं, कारण दुकान फोडायला पुढं तोच होता. धान्याचा व्यापारी, पन्नाशी उलटलेली, मिशीला कलप. गल्ल्याशेजारी डोकेदुखीच्या, तापाच्या, जुलाबाच्या पुड्यांची बरणी. मी बसलो असताना एक बाई आली, लेकराला ताप आहे म्हणाली. त्यानं तोंड वर न करता पुडी भिरकावली. लेकरू केवढं, ताप कधीपासून, काही नाही. मोठ्या माणसाची पुडी होती ती.

"आमी गिऱ्हाइकाची इज्जत ठेवतो," तो मला म्हणाला. "त्यो दीडशहाणा लोकांच्या लघव्या इचारतो. अशाला फासावर द्यायला पायजे."

त्याला बब्रुवानचा काटा काढायचा होता, यात शंका नव्हती. त्यासाठी त्यानं अडत्याला मारलं असेल का? मी थोडं खोदलं तेव्हा निराळंच निघालं. महालिंगप्पाच्या मेलेल्या मधल्या भावाची मुलगी शिवकांता हिच्याशी सिद्रामप्पाचं लग्न ठरलं होतं. पोरगी सोळा वर्षांची, हा तिसरेपणाचा नवरा. शब्द महालिंगप्पानं दिलेला. महालिंगप्पा गेला आणि शब्दही त्याच्याबरोबर गेला. सिद्रामप्पाचा राग खरा होता. त्याचं नुकसानच झालं होतं.

मग वीरभद्राकडं गेलो. त्यानं मला दारातच उभं केलं आणि बराच वेळ बस म्हटलं नाही. थोरल्या भावाशी त्याचं पटत नव्हतं हे तो स्वतःच बोलला. पोरीला त्या थेरड्याच्या गळ्यात बांधायला आपला विरोध होता, पण घरात थोरल्यापुढं कुणाचं चालत नव्हतं. आता लग्न मोडलं, आणि बरं झालं मोडलं, असंही तो म्हणाला. असं बोलणारा माणूस एकतर निर्दोष असतो नाहीतर अगदीच मूर्ख.

"त्या दिवशी काय झालं?" मी विचारलं.

भाऊ रोजच्यासारखा लिंगपूजेला बसला. पूजेच्या वेळी आत कुणी जात नाही. पूजा आटोपून जेवायला उठला तेव्हा तोंड कडू झालंय म्हणाला, पण खुशीत होता. आता गुडघा पळतोय की नाही बघा, असं म्हणून हसलाही होता. म्हणजे औषध त्यानं समजून उमजून घेतलं होतं.

"याआधी बाटलीतलं औषध कधी घेतलं होतं त्यांनी?"

"घेतलं की. खोकल्याचं, सरकारी दवाखान्यातलं. खाचंला बोट लावून एक खाच वाटीत घ्यायचे, ती वाटी लिंगापुढं ठेवायची, मग प्यायचे. देवाला दाखवल्याबिगर पानी बी घेत नव्हते."

तेवढ्यात आतून पाणी आलं. आणणारी नीलम्मा, शिवकांतेची आई, मधल्या भावाची विधवा. डोक्यावर पदर, नजर खाली. तांब्या ठेवून ती चौकटीला धरून हळूहळू सरळ झाली आणि आत गेली. तिच्या एका पावलाला एरंडाचं पान बांधलेलं होतं. त्या गावात मला मिळालेलं ते पहिलं पाणी, म्हणून मी तिचे आभार मानले. तिनं ऐकलं की नाही कुणास ठाऊक.

बाहेर पडलो तर पाठीत दगड बसला. मागं वळून पाहिलं. ओट्यांवर माणसं बसली होती आणि सगळी दुसरीकडं बघत होती.

४

मुक्काम शांताक्का नावाच्या एका लिंगायत बाईच्या घरी मिळाला, तोही अमीनसाहेबांनी सांगितलं म्हणून. तिच्या म्हाताऱ्या नवऱ्यानं मला विषवाल्याचा वकील असं तोंडावर म्हणून घेतलं आणि मग जेवायला बसवलं. तो चार हात लांब बसला होता. धाराशिवला माझे लिंगायत अशील पुष्कळ आहेत, पण कुणाच्या पंगतीला मी कधी बसलो नव्हतो.

भाकरी संपली. मी ताट सरकवलं. म्हाताऱ्यानं आपल्या ताटात थोडं पाणी ओतलं, बोटानं ताट चारी बाजूंनी धुतलं आणि ते पाणी पिऊन टाकलं. ताट पुसल्यासारखं लख्ख झालं.

मी बघतच राहिलो. त्याला वाटलं मी हसतोय. तो गुरगुरला, "लिंगाला दाखवलं की त्यो परसाद झाला. परसादाचा कण टाकत न्हाईत. तुमच्या ध्यानात नाही यायचं."

पण माझ्या ते चांगलंच ध्यानात आलं होतं. मी हात न धुताच उठलो. शांताक्काला वाटलं, पाहुणा अपमान समजून निघाला.

बाटली कुणी खुन्यानं धुतलीच नव्हती. धुणारा खुनी ती पूजेच्या पाटाशी दोऱ्यासकट कशाला ठेवील, परसात पुरून टाकील. बाटली महालिंगप्पानंच धुतली. सगळी बाटली लिंगापुढं ठेवली गेली, म्हणून सगळी बाटली प्रसाद झाली. मग तो कर्मठ माणूस त्यातला थेंबही कसा ठेवील? पाणी घालून, खळखळून, तेही प्याला. त्यात वेगळं जहर कुणी घातलं नव्हतं. अनेक दिवसांचं औषध एका दमात पोटात गेलं, तेही ज्याला एक खाचसुद्धा सोसली नसती त्याच्या.

पण तो तर खाच बघून घेणारा माणूस होता. पट्टी असती तर त्यानं एकच खाच वाटीत काढून तेवढीच देवापुढं ठेवली असती. लाल दोरा जास्त घेऊ नका एवढंच सांगतो, किती घ्यायचं ते पट्टी सांगते. पट्टी नव्हती, बाटली इवलीशी होती, त्याला वाटलं हे एकाच वेळचं औषध. आणि माझ्या बोटाला लागलेला तो डिंक ताजा होता. पट्टी कुणीतरी नखानं खरवडून काढली होती. देवाला दाखवलेलं हा माणूस टाकणार नाही हे त्याच्या घरातल्या माणसालाच ठाऊक असणार. त्या बाटलीत किती दिवसांचं औषध आहे आणि सगळी प्याला तर मरेल, हे मात्र फक्त एकालाच ठाऊक होतं. ज्याला बब्रुवाननं ते घोकून घ्यायला लावलं होतं.

५

सकाळी मी हे सगळं बब्रुवानपुढं मांडलं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा पांढरा पडत गेला. आपण दिलेली बाटली कुठं गेली, कशी गेली, हे त्याला तोपर्यंत कळलं नव्हतं. तो समजत होता की अडत्यानं ती चोरली असेल.

"आता तरी नाव सांग," मी म्हणालो.

"न्हाय."

"अरे, त्या माणसानं तुझा गळा कापलाय."

"माझ्या दुकानात आला त्यो रोगी. रोग्याचं नाव मी चव्हाट्यावर घेत न्हाय. तुम्ही बी डोकेदुखीसाठी आला होता, ते म्या अजून कुणाला सांगितलं न्हाय."

मला इतका संताप आला की हातातली छत्री मी भिंतीवर आपटली. असल्या हट्टी माणसाचं वकीलपत्र घेतल्याबद्दल मी स्वतःला शिव्या घातल्या. पण नाव त्यानं सांगायची गरज नव्हती. कोणाचा तरी सांधा बघून त्यानं औषध दिलं, हे तो पहिल्याच दिवशी बोलून गेला होता. वीरभद्र माझ्यासमोर एका ढांगेत पायऱ्या उतरला होता. शिवकांता सोळा वर्षांची. त्या घरात सांधे धरलेलं माणूस एकच उरलं होतं.

मी सरळ महालिंगप्पाच्या घरी गेलो. वीरभद्र शेतावर होता. नीलम्मा चुलीपुढं एक पाय लांब करून बसली होती. मी उंबऱ्याशी बसलो आणि म्हणालो की बाटली धुतली कुणी ते मला कळलंय, आणि पट्टी खरवडली कुणी तेही.

ती दचकली नाही. भाकरी उलटवली, मग विचारलं, "त्यांनी माझं नाव सांगितलं व्हय?"

"नाही. कितीही खोदलं तरी सांगत नाही."

भाकरी करपली तरी तिनं काढली नाही. मग ती बोलायला लागली. बब्रुवानच्या दुकानात अडत्यानंच तिला पाठवलं होतं. स्वतःला औषध मिळणार नाही, तुझा पाय तर दुखतोच, तुझ्या नावानं आण म्हणाला. ती आयुष्यात पहिल्यांदा औषधाच्या दुकानात गेली, तीही मागच्या दारानं. अडत्यानं त्याच दिवशी सिद्रामप्पाला लग्नाचा शब्द दिला होता. ती त्याच्या पाया पडली होती. पोरीऐवजी मला विहिरीत लोटा म्हणाली होती. त्यानं पाय मागं घेतला, आणि तो दुखरा गुडघा होता म्हणून वर तिलाच शिवी दिली.

"त्या मानसानं मला सांगितलं, एकदम प्याल तर तिसरा दिवस दिसनार न्हाय. तवाच माझ्या मनात आलं. घरी येऊस्तवर पक्कं झालं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "शिवकांता वाचली. मला त्याचं काय वाईट वाटत न्हाय, वकीलसाहेब. वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं."

"कशाचं?"

"त्यो मला इचारत व्हता. पाय कधीपासनं दुखतो, झोप लागती का, जेवता का पोटभर, छातीत धडधडतं का. दरडावून इचारत व्हता, पर खरं उत्तर मिळंस्तवर सोडत नव्हता. या घरात आल्यापासनं मला कुणी इचारलं नव्हतं, तू जेवलीस का म्हनून. आन् त्याच मानसाला म्या फासावर दिलं."

खटले लढवून माझी कातडी जाड झाली आहे असा माझा समज होता.

ती चौकटीला धरून उठली आणि पायातलं एरंडाचं पान सोडून टाकलं. म्हणाली, चला.

६

भर बाजारातून ती चालली. मी टांगा आणतो म्हणालो तर ऐकलं नाही. बाजार आधी कुजबुजला, मग गप्प झाला. सिद्रामप्पा दुकानातून उतरून वाट अडवायला आला, पण तिच्याकडं बघून बाजूला झाला. ठाण्यात तिनं अमीनसाहेबांना जे झालं ते उभ्यानंच सांगितलं. त्यांनी दोनदा तिला बसायला सांगितलं, तरी ती बसली नाही. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी कोठडी उघडायला लावली.

बब्रुवान बाहेर आला. सुटलो याचा आनंद त्याच्या तोंडावर कुठं दिसला नाही. त्याची नजर तिच्या सुजलेल्या पावलावर गेली आणि तो नेहमीच्या खेकसणाऱ्या आवाजात म्हणाला, "या पायानं चालत आलात व्हय? चालायचं न्हाय म्हनून सांगितलं व्हतं ना?"

नीलम्मा तेव्हा पहिल्यांदा रडली.

तिचं वकीलपत्र मी घेतलं. फाशी टळली, एवढंच मला करता आलं, कैद टळली नाही. शिवकांता वीरभद्राकडं राहिली आणि सिद्रामप्पाच्या घरी गेली नाही.

पुढं वर्षभरानं उमरग्याला गेलो तेव्हा बब्रुवानचं दुकान नव्या फळ्या लावून उघडं होतं. लोक त्याला आधीपेक्षा जास्त शिव्या घालत होते. पूर्वी नुसतं पोटाचं विचारायचा, आता घरातलंही विचारतो म्हणे. मी माझ्या नव्या चष्म्यातून बघत कोपऱ्यात उभा राहिलो. पदर ओढलेली एक बाई सांध्याचं औषध मागत होती. त्यानं बाटली काढली, पट्टी लावली, लाल दोरा बांधला. मग दरडावलं, "घेनार कोन?"

ती म्हणाली, "मीच की."

"घरी समदं बरं हाय का?"

बाई गोंधळली, हो म्हणाली, जायला निघाली. पण बब्रुवाननं बाटलीवरचा हात उचलला नाही. तिच्याकडं बघत तो तसाच उभा राहिला, आणि मागं गिऱ्हाइकं ओरडत होती तरी त्यानं तोच प्रश्न तिला पुन्हा एकदा विचारला.